माईंनी पाळलेला हत्ती

समोरच्या दारातल्या बाईला स्वतःचं असं आयुष्यच नव्हतं, म्हणून ती मजल्यावरच्या सगळ्यांची आयुष्यं थोडी थोडी जगून घ्यायची, असं माईंचं मत होतं. हे मत खाजगी नव्हतं. माईंचं कुठलंच मत खाजगी नसे. जिन्यात, गच्चीत, पाण्याच्या टाकीपाशी, जिथे दोन कान सापडतील तिथे त्या ते बोलून मोकळ्या होत.

बाईचं दार दिवसभर अर्धं उघडं असायचं. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "मांजराला ये-जा करायला." मांजर जाऊन दोन वर्षं झाली होती. येत-जात होते ते फक्त बाईचे कान. "काल तुमच्याकडे कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या, माई. कडधान्य जुनं आहे का?" "परवा सूनबाई सव्वासातला आल्या. रोज तर साडेसहाला येतात." माईंनी तिचं नाव 'दुर्बीण' ठेवलं होतं, आणि आता तिचं खरं नाव इमारतीत कोणालाच आठवत नव्हतं. पोस्टमनसुद्धा पाकीट हातात धरून विचारायचा, "दुर्बीणबाई आहेत का?"

माईंना स्वतःला चोंबडेपणाचा भारी तिटकारा. आपली गोष्ट आपल्या चौकटीच्या आत, हा त्यांचा नेम. दारात येऊन कोणी नाव विचारलं तरी त्या आधी "तुम्हाला कशाला हवंय?" असं विचारत. ते कळल्यावरही नाव सांगत नसत ते नसतच.

आता त्यांच्या टेलिफोनचं सांगायला हवं, आणि त्याआधी अण्णांच्या शर्टांचं.

अण्णा म्हणजे माईंचे यजमान. चाळीस वर्षं एका छापखान्यात मजकूर तपासण्याचं काम केलं. एक वेलांटी इकडची तिकडे होऊ दिली नाही. आता मात्र त्यांना घराचा रस्ता आठवेनासा झाला होता. सकाळी दार उघडं दिसलं की कामावर निघायचे. छापखाना बंद होऊन बारा वर्षं झाली, हे त्यांना रोज सांगावं लागे आणि रोज त्यांना तितकंच वाईट वाटे. म्हणून माईंनी सांगायचं सोडलं आणि सुईदोरा हातात घेतला. अण्णांचे शर्ट सात. सातही शर्टांच्या कॉलरच्या आत, मानेच्या मागे, माईंनी लाल दोऱ्याने साखळी टाका घालून आपला टेलिफोन नंबर भरला. लिहायला बसलं की माईंचा हात अडखळायचा, पण सुईने भरलेले ते आकडे छापल्यासारखे सुबक होते. गेल्या दोन वर्षांत त्या दोऱ्याने अण्णांना पाच वेळा घरी आणलं होतं. एकदा फुलवाल्याने, एकदा बसच्या कंडक्टरने. एकदा तर एका लग्नाच्या मांडवातून फोन आला होता. अण्णा वराकडचे म्हणून पहिल्या पंगतीला जेवून उठले होते.

तर असा तो नंबर.

सोमवारी टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. सूनबाईने ऑफिसला निघता निघता चपला घालत वाचून दाखवलं. "आपली काही वैयक्तिक माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कंपनीने तुमची माहिती हरवली, आई."

"हरवली? मी दिलेली?" माई पोळपाट सोडून उठल्याच. "छत्री हरवते. पाकीट हरवतं. माहिती काय बसमध्ये विसरले का? आणि पत्रात दिलगीर लिहून पोस्टात टाकलं की झालं? येऊन तोंडाने सांगायला काय झालं?"

"तुमची एकट्यांची नाही, लाखभर लोकांची गेलीय."

हे ऐकून माईंना थोडं बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त राग आला. लाखभर लोकांच्या गर्दीत आपलं सामान टाकून दिलं, हा वेगळाच अपमान झाला.

दुपारपर्यंत पत्राची बातमी सात मजले चढली आणि उतरली. कशी, ते सांगायला नको. समोरचं दार अर्धं उघडं होतं. मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, सगळे पासवर्ड बदला. माईंनी विचारलं, ते कुठे असतात? चौथ्या मजल्यावरची शिवणकामवाली म्हणाली, तिच्या मावसबहिणीच्या नावावर कोणीतरी परस्पर तीन पंखे आणि एक कपाट उचललं होतं. कपाट निदान कोणत्या रंगाचं ते तरी सांगायला हवं होतं म्हणे. लिफ्ट दुरुस्तीवाला सहज आला होता, तो म्हणाला, फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा. फोन पाण्यात पडला तर ठेवतात, हे मास्तरांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ठेवायला काय जातं? माईंनी ठेवला. काय जातं, खरंच.

मंगळवारी सकाळी डब्यातून काढला तर फोन मेलेला. म्हणजे दिवा लागत होता, घड्याळ चालत होतं, पण नंबर मेलेला. कोणाला लागेना, कोणाचा येईना. माईंनी आधी तांदळाला शिव्या दिल्या. मग लिफ्टवाल्याला.

अकरा वाजता सूनबाईच्या फोनवर विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाई म्हणजे माईंच्या मुलीच्या सासूबाई. माईंचं आणि त्यांचं गेली अकरा वर्षं जेवढ्यास तेवढं. सूनबाई ऑफिसातून धावत घरी आली ती हसू दाबतच.

"आई, तुम्ही काल विहीणबाईंना निरोप पाठवलात?"

"मी? त्यांना? कशाला?"

"'आपली तब्येत कशी आहे, आपली फार आठवण येते' असा. विहीणबाई रडत होत्या. म्हणाल्या, माईंचं मन इतकं गोड आहे हे मला अकरा वर्षांत कळलं नाही."

माई खाली बसल्या.

"मग पुढे लिहिलंय, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, ते मला कळवा. विहीणबाईंना चष्मा सापडेना म्हणून राहिलं. जावयांनाही तसाच आलाय. पण त्यांनी लगेच ओळखलं, हे तुम्ही नाही."

"कशावरून?"

सूनबाई दाराकडे सरकली. "त्यात 'कृपया' होतं."

माईंना चोराचा राग आला, जावयाचा आला, आणि सगळ्यात जास्त आला विहीणबाईंचा. कोणीतरी आपलं नाव घेऊन गेलं होतं आणि ते आपल्यापेक्षा चांगलं वापरत होतं.

सूनबाईने कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर कळलं ते असं. सोमवारी 'माईंनी स्वतः' फोन करून आपला नंबर दुसऱ्या कार्डावर घेतला होता. विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली होती. आक्षेप असेल तर उद्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत जातीने कार्यालयात यावं. पाचनंतर बदल कायम.

माईंनी वळून अण्णांकडे पाहिलं. अण्णा खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या चुकांखाली पेन्सिलीने रेघा मारत होते. कॉलरच्या आत लाल दोऱ्यात सगळे आकडे जागच्या जागी होते. फक्त ते आता कोणा दुसऱ्याच बाईकडे जात होते. उद्या हे कुठे भरकटले आणि कोणी भल्या माणसाने नंबर फिरवला, तर पलीकडून 'कृपया' म्हणणारी उचलेल. सात शर्ट उसवून सात शर्ट भरायला किती दिवस लागतील, याचा माईंनी मनात अंदाज घेतला. आणि नवा नंबर स्वतःलाच कधी पाठ होईल, याचाही. माईंनी त्या दिवशी दाराला आतून कडी घातली आणि कडीला दोरी बांधली.

बुधवारी मुलाला रजा नव्हती आणि सूनबाईची संपली होती. अण्णांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, आणि त्यांना घेऊन माईंना एकटीला रांगेत उभं राहता येत नव्हतं. माई हे दारात उभ्या राहून मोठ्याने स्वतःशी बोलल्या. समोरचं अर्धं दार पूर्ण उघडलं. दुर्बीण साडी बदलून, पिशवी घेऊन, केस विंचरून तयार उभी होती.

"मी येते ना, माई. मी अण्णांजवळ बसेन."

"तुला कोणी सांगितलं?"

"आत्ता तुम्हीच."

कंपनीचं कार्यालय काचेचं होतं आणि आत थंडी होती. दारात एक यंत्र चिठ्ठ्या देत होतं. माईंनी एक घेतली, एकशे बारा. अण्णांना ते यंत्र आवडलं. त्यांनी नऊ घेतल्या आणि एकेक तपासून, "आकड्यांचा ठसा पुसट आलाय," असं पहारेकऱ्याला सुनावलं. दुर्बिणीने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. माईंना ती चांगली वाटली नाही, पण होती. तिने ओळखपत्र घेतलं, पडद्यावर पाहिलं, परत ओळखपत्रावर पाहिलं.

"आजी, जन्मतारीख जुळत नाही. आमच्याकडे तुमचं वय नऊ वर्षांनी कमी आहे."

"मग तुमच्याकडचं ठेवा."

मागची रांग हसली. मुलगीही हसली, पण पडदा हसला नाही. ओळखपत्र जुळत नाही म्हटल्यावर प्रश्न विचारावे लागतील, ती म्हणाली. सहा वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस घरी आला होता, त्याच्याकडे आजींनीच उत्तरं नोंदवली होती. तीच द्यायची. तीन संधी. तिन्ही चुकल्या की साहेबांच्या परवानगीने आणखी एक फेरी, आणि ती शेवटची.

माईंना तो माणूस आठवला. पाटीएवढा फोन घेऊन दारात उभा. गॅसवर दूध, आणि हा विचारतोय लहानपणीचं. त्याला उत्तरं दिली होती हेही आठवलं. काय दिली, ते काही केल्या आठवेना.

"लहानपणी पाळलेला प्राणी?"

"शेळी," माई म्हणाल्या. हे खरं होतं. काळी होती आणि शिंगं मारायची.

"नाही, आजी."

"नाही म्हणजे? शेळी माझी की तुझी?"

"आवडता पदार्थ?"

माईंनी आपला खराखुरा आवडता पदार्थ सांगितला. मुलीने मान हलवली. माईंच्या कानशिलांवर घाम आला, एवढ्या थंडीत.

"तुमची पहिली शाळा?"

माईंनी वळून पाहिलं. मागे रांगेत अकरा माणसं होती. त्यात दोन तर इमारतीच्या पलीकडच्या गल्लीतलीच होती. माई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, एका गोदामाच्या पडवीत, आणि तिसरीत जायच्या वर्षी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी बसल्या होत्या. हे त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. सुनेलासुद्धा पत्र पुढे करायचं तर 'चष्मा कुठे ठेवला कोण जाणे' असं म्हणून.

"आठवत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"तिन्ही चुकल्या, आजी." मुलीलाच वाईट वाटलं. "गंमत म्हणजे सोमवारच्या बाईंनी एकही चूक केली नव्हती. धडाधड सांगितली सगळी."

म्हणजे चोराला माई तोंडपाठ होत्या. खुद्द माईंनाच माई येत नव्हत्या. त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली. मानाने जगलेल्या बाईला आपण आपणच आहोत या परीक्षेत नापास व्हावं लागलं, तेही एका परक्या बाईपुढे. घड्याळात साडेतीन झाले होते.

मुलगी आत जाऊन साहेबांना विचारून आली. शेवटची फेरी मिळाली. आणि तेवढ्यात माईंच्या खांद्यापाशी कोणीतरी श्वास घेतला. दुर्बीण होती. खुर्चीवरून उठून, पंधरा पावलं चालून आली होती. पंधरा पावलांवरून तिला सगळं ऐकू आलं होतं, हे वेगळं सांगायला नकोच.

"हत्ती, माई," ती कुजबुजली.

"काय?"

"तुम्ही त्याला हत्ती सांगितला होता. तुमचं दूध उतू गेलं होतं. त्याने विचारलं, कोणता प्राणी पाळला होता, तर तुम्ही चिडून म्हणालात, हत्ती. त्याने लिहून घेतलं."

मुलगी म्हणाली, "दुसऱ्यांनी उत्तर सांगायचं नाही हं. ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

"ती उत्तर सांगत नाहीये," माई म्हणाल्या. "मी विसरले ते माझं मला परत देतेय." आणि मग संबंध कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हत्ती!"

पडद्यावर हिरवी खूण आली. रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली.

"आवडता पदार्थ?"

दुर्बिणीचे ओठ कानाशी. माईंचे डोळे मोठे झाले. "असं म्हणाले मी?" मग मोठ्याने, "दुसऱ्याने केलेला. कुठलाही."

हिरवी खूण. रांगेतल्या तीन बायका एकदमच म्हणाल्या, "अगदी बरोबर."

"पहिली शाळा?"

या वेळी दुर्बीण अशी वळली की तिची पाठ रांगेकडे झाली. ओंजळ केली आणि माईंच्या कानावर ठेवली, लहान मुलांच्या कानात गुपित सांगतात तशी. "महाराणी कन्या विद्यालय," ती म्हणाली, "अकरावीपर्यंत." आणि मग आणखी हळू, "रांगेत कोणाला काही कळणार नाही, माई. मीही कधी कोणाला बोलले नाही."

म्हणजे हिला माहीत होतं. भिंत एवढी पातळ. सूनबाई पत्रं वाचून दाखवते ते हिला ऐकू येणारच. महाराणी विद्यालय ऐकलं होतं आणि ते खोटं आहे हेही ओळखलं होतं. कुकरच्या शिट्ट्या सात मजल्यांना सांगणारी ही बाई सहा वर्षं हे एक घेऊन बसली होती. हिच्यावर माईंनी टाकीपाशी उभं राहून काय काय तोंडसुख घेतलं होतं, आणि तेही अर्थातच हिला ऐकू गेलं असणार. हिने एकदा तोंड उघडलं असतं तर माईंना जिना उतरणं जड गेलं असतं. उघडलं नव्हतं.

माईंनी पदर सारखा केला.

"हे बघ मुली. त्या माणसाला मी सांगितलं महाराणी कन्या विद्यालय. ते खोटं. खरं म्हणजे मी दुसरीपर्यंत शिकले, गोदामाच्या पडवीत, आणि तिथे माझा पहिला नंबर होता. तुझ्या यंत्राला काय हवं ते त्याला दे."

यंत्राला खोटंच हवं होतं. हिरवी खूण आली. रांगेत कोणी हसलं नाही. पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, "मी चौथी नापास, ताई." जणू ओळख करून देत होता.

मुलीने नवं कार्ड काढलं, फोनच्या पोटात बसवलं, दोन ठिकाणी अंगठा घेतला. "झालं, आजी. तिचं बंद, तुमचं चालू." माईंना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण मध्ये काच होती. मग त्यांनी काचेवरूनच फिरवला.

वळल्या, तर खुर्ची रिकामी. खुर्चीवर आठ चिठ्ठ्या नीट रचून ठेवलेल्या, नववी गायब. अण्णा नव्हते.

दुर्बिणीचा चेहरा पांढरा पडला. "माई, मी... मी एवढं सांगायला उठले आणि..." पहारेकरी म्हणाला, एक आजोबा मघाशीच बाहेर गेले, कामावर उशीर झालाय म्हणाले. तोंडावर आलेली शिवी माईंनी गिळली. आयुष्यात पहिल्यांदाच गिळली, त्यामुळे ठसका लागला.

आणि हातातला फोन वाजला.

"हॅलो? इथे माझ्या दुकानात एक आजोबा बसलेत," पलीकडून आवाज आला. "मी न्हावी. फोन कंपनीचं काचेचं ऑफिस आहे ना, तिथून तिसरं दुकान. दाढी करायची म्हणून बसले. गळ्याला कापड गुंडाळताना कॉलर उलटी केली तर आत लाल आकडे. दहा मिनिटांपूर्वी पण लावला होता हो. एका बाईने उचलला. म्हणाली, माझं कोणी हरवलेलं नाही, आणि ठेवून दिला. मला वाटलं आकडा चुकला, म्हणून परत एकेक टाका मोजून लावला."

त्या दहा मिनिटांचा विचार माईंनी आजतागायत केलेला नाही.

तिसऱ्या दुकानात अण्णा अर्ध्या गालाला फेस लावून आरशात बघत होते. "उशीर केलास," ते माईंना म्हणाले. "आणि या बाईंना पण बसायला दे. कधीच्या उभ्या आहेत." न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. माईंनी ते त्याच्या कंगव्याखाली ठेवले आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. बोलायला जे शब्द लागतात ते त्यांच्याकडे कधी नव्हतेच, म्हणून हातच बराच वेळ धरून ठेवले. त्या रात्री विहीणबाईंनाही त्यांनी स्वतः फोन केला. "तो निरोप माझा नव्हता," म्हणाल्या, "पण परत घेत नाही."

त्याआधी जिना चढायचा होता. तिघं चढली. तिसऱ्या मजल्यावर दुर्बिणीने किल्ली काढली, दार सवयीने अर्धं उघडलं, आणि मान खाली घालून म्हणाली, "माफ करा माई, मी अण्णांना सोडून उठायला नको होतं. माझी ती खोडच वाईट. कानावर पडलं की..."

माईंनी अण्णांना घरात नेऊन बसवलं, बाहेर येऊन कडी लावली, दोरी बांधली नाही. मग जिन्यात, टाकीपाशी बोलतात त्याच आवाजात, वरपासून खालपर्यंत सात मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"ऐक गं. त्या कंपनीकडे काचेची इमारत आहे, यंत्रं आहेत, दारात पहारेकरी आहे, आणि माझं सगळं त्यांनी हरवलं. तुझ्याकडे एक अर्धं दार. सहा वर्षांत तुझ्याकडून माझं जपायचं होतं त्यातलं एक अक्षर गेलं नाही. चोंबडी तू आहेस, ते मी मागे घेत नाही. पण उद्यापासून हे दार अर्धं ठेवलंस तर बघ. पूर्ण उघड. आणि तरी नीट ऐकू आलं नाही, तर पिशवी घे आणि सरळ माझ्या घरात येऊन बस."